कमळाकरचा कान

कमळाकरच्या कानावरची जखम पहिल्यांदा दिसली ती रमेशला. रमेश गावातला केस कापणारा. कमळाकरला स्वतःला ती दिसायचा प्रश्नच नव्हता. कानाचा वरचा काठ कुणालाच आपला आपल्याला दिसत नाही, आणि कमळाकरला तर आरशातलं स्वतःचं तोंडही धड दिसायचं नाही. जन्मापासून नजर अधू, डोळे सारखे लुकलुकते, उजेड आला की आपोआप मिटणारे.

"कमळादादा, कानाला काय जालाय हा? मागल्या खेपेलाबी होता," रमेश म्हणाला.

"चष्म्याची काडी घासत असंल."

"काडी मागं बसते. ही वर हाय, काठावर. खपली धरलीय."

"मग तुजीच कात्री लागली असंल," म्हणून कमळाकरनं टोपी डोक्यावर ओढली आणि उठला.

त्याच्या अंगाबद्दल कुणी काही बोलायला लागलं की तो असाच उठायचा. पन्नाशी ओलांडली होती, आणि या विषयावर बोलून बोलून त्याचा जीव विटला होता. तो जन्मला तोच पांढरा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि कातडी अशी की थोडं ऊन लागलं की लालबुंद. पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात सगळी माणसं मिठागरावरची नाहीतर खारशेतीतली, रापलेली, काळी. त्यांच्यात हा लांबून ओळखू यायचा. गावात त्याला सूर्यमुखी म्हणायचे. बाहेरची माणसं कोड समजायची, काही तर महारोग समजून सरकून बसायची. कोड नाय, रोग नाय, जल्मापासून असाच हाय, हे वाक्य त्यानं एसटीत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, रेशनच्या रांगेत इतक्यांदा म्हटलं होतं की अलीकडे तो ते म्हणतच नसे. समजायचं ते समजा.

त्या घरात असा तो एकटा नव्हता. त्याच्याहून मोठी बहीण सीता, तीही तशीच. दोन पोरं अशी झाली म्हणून आईनं किती उपास केले त्याला गणती नाही. पोरं मोठी झाली तेव्हा बापानं विचार केला, की मुलाची नजर चालत नाही, त्याला उन्हात काम जमायचं नाही. काळुराममामाची गावातच पिठाची गिरण होती. कमळाकरला तिथे ठेवला. गिरणीत अंधार, छपराखाली सावली, आणि सगळीकडे उडणारं पीठ. तिथे येणारी बाई घटकाभर उभी राहिली तरी केसांपासून पांढरी होऊन जायची. मामा गमतीनं म्हणायचा, "हितं तुना कोन वलखनार नाय." कमळाकरला ते आवडायचं.

सीतेचा विचार कुणी तसा केला नाही. मुलगी होती, लग्न जमणार नव्हतं, घरात खाणारी तोंडं होती. ती बाकीच्या बायकांबरोबर मिठागरावर जायला लागली. पाण्याचं ऊन आणि मिठाचं ऊन, दोन्ही अंगावर घेऊन टोपल्या वाहायची. डोक्याला फडकं बांधायची, पण मान उघडीच. संध्याकाळी घरी यायची तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत असायचं आणि मान सोलल्यासारखी दिसायची. आई तिला खोबरेल लावून द्यायची. असं पुष्कळ वर्षं चाललं.

मग तिच्या मानेवर एक जखम झाली. ती भरेना. इंदुबाई, म्हणजे कमळाकरची बायको, तेव्हा नवीनच लग्न होऊन आली होती. तिनं नणंदेची जखम हळदीनं, कडुलिंबाच्या पाण्यानं धुतली. पेणच्या डॉक्टरनं मलम दिलं. शेवटी शेजारच्या गावचा भगत बोलावला. त्यानं तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, हिच्या हातून गावदेवीच्या वाटेवर काहीतरी अपवित्र घडलंय, देवी कोपलीय. काय घडलं, ते त्यानं सांगितलं नाही. सीता आठवत बसायची. कुठल्या दिवशी आपण देवळावरून गेलो, तेव्हा आपण कसे होतो, पायात काय होतं. जखम वाढत वाढत जबड्यापर्यंत आली. एका पावसाळ्यात ती गेली. चाळिशीही गाठली नव्हती.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती. काळुराममामाही गेला, गिरण कमळाकरच्या हाती आली. इंदुबाईनं त्याच्याशी लग्न केलं तेव्हा तिच्या माहेरचे म्हणाले होते, पोरं पांढरी निपजतील. एकच मुलगी झाली, किमया, ती आईसारखी सावळी. ती शिकली, नोकरीला लागली, रोह्याजवळ वरशाला तिला दिली. जावई मितेश धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला होता. कमळाकर तिच्याकडे फारसा जात नसे. मुलीच्या दारात नव्या माणसांनी आपल्याकडे बघत राहावं, हे त्याला नको वाटायचं. किमया विचारायची, बाबा येत का नाही? तो म्हणायचा, गिरण कोन बघंल.

कानाची खपली पडायची, पुन्हा धरायची. गावातल्या डॉक्टरचं मलम झालं, पेणमधल्या एकाच्या गोळ्या झाल्या. गणपतीला किमया माहेरी आली तेव्हा सकाळी बापाचं अंथरूण काढताना तिला उशीवर रक्ताचा डाग दिसला. तिनं त्याला ओट्यावर उजेडात बसवलं, कान धरला आणि खपलीच्या कडेनं बोट फिरवलं.

"आये, हा कवापासून हाय?"

इंदुबाई चुलीपासून उठून आली. "असंल साल वरीस. मी रोज सांगतंय. मेलं ऐकतात का."

"कायतरी जुना खरवड हाय," कमळाकर म्हणाला. "सोड गो बाय, दुखतंय."

किमयानं सोडला नाही. तिनं मोबाइलवर फोटो काढला. कुणाकुणाला विचारलं. वरशाच्या तिच्या ओळखीच्या एका नर्सनं सांगितलं की पेण-रोह्यात फिरत बसू नका, पनवेलला कातडीच्या डॉक्टरकडे न्या, आणि नुसता कान नाही, सगळं अंग तपासून घ्या. कमळाकर आधी नाही म्हणाला, मग बघू म्हणाला, मग दिवाळीनंतर म्हणाला. दिवाळीनंतर किमया रोह्याहून पहाटेची गाडी धरून पेणच्या स्टँडवर येऊन उभी राहिली आणि तिथून फोन केला, "बाबा, मी स्टँडवर हाय. रजा टाकून आलेय. या." तेव्हा त्यानं टोपी घातली आणि निघाला.

पनवेलचा तो दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. थंडगार, पांढऱ्या दिव्यांचा, त्या दिव्यांखाली कमळाकरचे डोळे उघडेनात. बाकड्यावर दाटीनं माणसं बसली होती. तो बसला तशी शेजारच्या बाईनं पदर आवरून घेतला आणि थोड्या वेळानं उठून पलीकडे उभी राहिली. किमयाचा चेहरा तांबडा झाला. ती काही म्हणणार, तेवढ्यात कमळाकरनं तिच्या हातावर हात ठेवला.

"जाव दे गो."

"असं कसं जाव दे? कातडीच्या दवाखान्यात येऊन लोकं अशी वागतात!"

"तिला काय जालंय काय म्हाईत. ती आपल्याच भीतीत असंल."

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कोड किती वर्षांपासून आहे?" किमयानं सांगितलं, कोड नाही, जन्मापासून असंच आहे. मुलीनं पुन्हा विचारलं, मग लिहून घेतलं. मग नुसतं बसणं. पुढे सरकणं नाही, काही नाही. कमळाकरनं पाठ भिंतीला टेकली. सकाळपासून पोटात चहाच होता. त्याला वाटत होतं, काय ते एकदा सांगून टाका आणि घरी जाऊ द्या, गिरणीवर डबे येऊन पडले असतील.

डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, दाराला पाटी होती डॉ. शिल्पा. किमयानं ती वाचून दाखवली. आत गेल्यावर बाईंनी आधी खिडकीचा पडदा ओढला आणि डोक्यावरचा मोठा दिवा बंद केला.

"उजेडाचा त्रास होत असेल ना काका? आता बरं वाटतंय?"

कमळाकरनं डोळे उघडले. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "व्हय."

"शर्ट काढा. बनियनही. टोपी काढून ठेवा. मी तुमचं सगळं अंग बघणार आहे, नुसता कान नाही. घाई करणार नाही. चालेल?"

किमया बाहेर गेली. कमळाकर खाटेवर बसला. त्यानं आयुष्यभर अंग झाकलं होतं, उन्हापासून आणि माणसांपासूनही. लग्नानंतर कित्येक दिवस तो इंदुबाईसमोरही बनियन काढत नसे. आता एक अनोळखी बाई हातात दिवा लावलेलं भिंग घेऊन त्याच्या केसांच्या भांगातून, कानामागून, पापण्यांच्या कडेनं, ओठांवरून हळूहळू जात होती. ते भिंग ती कातडीला टेकवायची, थांबायची, पुढं जायची. हातांचे पंजे पाहिले. बोटांमधली जागा पाहिली. पाठ, पोटऱ्या, तळवे. मधूनमधून विचारायची, हा डाग कधीचा, इथे खाज येते का, इथे हात लावला तर काटा टोचल्यासारखं होतं का.

पहिल्यांदा त्याला लाज वाटत होती. मग लाजही थकली. तो नुसता बसून राहिला. इतका वेळ कुणी त्याच्याकडे बघत होतं आणि त्या बघण्यात किळस नव्हती, नवल नव्हतं, दयाही नव्हती. सुतार लाकूड बघतो तसं बघणं.

शेवटी कान. तिथे बाई बराच वेळ थांबल्या. मग मानेच्या दोन्ही बाजूंना, जबड्याखाली बोटांनी चाचपलं.

"उन्हात काम करता?"

"नाय. माजी गिरन हाय. सावलीतच असतो."

"टोपी हीच घालता? पूर्वीपासून?"

"व्हय. पावसाळ्यात लावणीला जातो तवाबी हीच."

"या टोपीनं डोकं झाकतं. कान उघडे राहतात." बाईंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. "काका, तुमच्या कातडीत रंग नाही. तो रंग आपल्याला उन्हापासून वाचवत असतो. तुमच्याकडे तो नसल्यामुळे थोडंथोडं ऊनही आतवर जातं, आणि वर्षानुवर्षांनी त्याचं असं काहीतरी होतं. कानावरचं मला साधं वाटत नाही. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवते. मला वाटतं हा कातडीचा कॅन्सर आहे."

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं.

"लवकर आलात असं नाही म्हणणार. पण फार उशीरही झालेला दिसत नाही. मानेत गाठी लागत नाहीत. कापून काढला की बहुतेक निघून जाईल." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी आहे का तुमच्यासारखं?"

"व्हती. थोरली भैन."

"आता नाहीत?"

"नाय."

"कशानं गेल्या?"

कमळाकर सांगायला लागला. मिठागर सांगितलं, मानेवरची जखम सांगितली, ती कशी भरेना, कशी वर सरकली, शेवटी तोंड उघडेना, ते सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण बाईंचा चेहरा त्याला दिसत नसला तरी त्या किती गप्प झाल्या होत्या ते कळत होतं.

"तो हाच व्हता का, बाई?"

"मी त्यांना पाहिलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्ही सांगताय त्यावरून तोच असावा."

त्या दिवशी त्यांनी कानाचा इवलासा तुकडा घेतला. कपाळावर आणि हातांच्या पाठीवर काही खरखरीत डाग होते, त्यांवर गार फवारा मारला. तो बर्फासारखा लागला आणि मग मधमाशी चावल्यासारखा झोंबला. हे डाग आत्ता काही नाहीत, पण सोडून दिले तर पुढे त्यांतलाही एखादा असाच निघेल, असं त्यांनी किमयाला आत बोलावून समजावलं. काय लावायचं, कसली टोपी घ्यायची, हेही सांगितलं. आणि दर काही महिन्यांनी सगळं अंग पुन्हा तपासायचं.

"कवापरेंत?" कमळाकरनं विचारलं.

"कायम, काका."

येताना बसमध्ये किमया रडली. कमळाकर खिडकीकडे तोंड करून बसला होता, पण बाहेर त्याला काही दिसत नव्हतं, नुसता उजेड पळत होता. तो किमयाचा किंवा स्वतःचा विचार करत नव्हता. सीता आठवत बसायची ना, देवळावरून गेलो तेव्हा पायात काय होतं, तेवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

तपासणीचं उत्तर बाईंनी म्हटलं तेच आलं. शस्त्रक्रिया मोठ्या इस्पितळात झाली. कानाचा वरचा तुकडा पाचरीसारखा काढून टाकला. नंतरचे दिवस त्यानं वरशाला, किमयाच्या घरी काढले. पट्टी बदलायला रोह्याचा दवाखाना जवळ होता, आणि या वेळी नाही म्हणायला त्याच्या अंगात जोर नव्हता. मितेश शिफ्टवरून आला की न बोलता त्याच्याशेजारी बसायचा आणि दोघं टीव्हीचा आवाज ऐकायचे. शेजारपाजारची माणसं डोकावली, बघून गेली, पुन्हा चहाला आली. कमळाकर ज्याला इतकी वर्षं भीत होता ते एवढंच होतं. चार दिवस लोकांनी बघितलं, मग बघायचे थांबले.

अडचण झाली ती चष्म्याची. कान वरून लहान झाला तशी त्या बाजूची काडी टेकेना. चष्मा एका अंगाला कलायचा, घसरून पिठात पडायचा. पेणच्या चष्मेवाल्यानं मागून एक रबरी पट्टी लावून दिली. रमेश म्हणाला, "पोहायला चालल्यासारखा दिसतोस." कमळाकर हसला नाही, पण उठूनही गेला नाही.

तो परत गावी आला त्या दिवसांतली एक दुपार. जेवणं झाली होती. इंदुबाई पडवीत सुकटं निवडत बसली होती. कमळाकर खांबाला टेकून बसला. पनवेलहून आल्यापासून ही गोष्ट त्याच्या पोटात होती. कुठून सुरुवात करावी ते त्याला कळत नव्हतं.

"सीताला हाच व्हता," तो म्हणाला.

इंदुबाईचे हात थांबले. "काय?"

"माझ्या कानाला जाला तोच. डॉक्टरीन म्हनाली, तसाच वाटतोय. उन्हानं व्हतो आमच्यासारख्याला. मिठागरावं जायची ना ती."

इंदुबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी धुवायची तिची मान. रोज. शेवटी शेवटी वास यायचा तरी धुवायची. मना विचारायची, वैनी, मी काय गो केलं असंल? देवीचा मी काय वाईट केलं असंल? मी म्हनायची, आठव, कायतरी असंल. आठव, म्हंजे देवीची माफी मागू." तिनं तोंडाला पदर लावला. "मीच सांगायची तिला, आठव."

"तुला तरी काय म्हाईत."

"म्हंजे तिनं कायच केलं नव्हता."

"कायच नाय."

"कायच नाय," इंदुबाई स्वतःशीच म्हणाली. मग तिनं डोळे पुसले आणि सुपातली सुकटं पुन्हा पसरली, पण निवडली नाहीत. कमळाकर तसाच बसून राहिला. त्याला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही. एवढंच, की आता ते दोघांना माहीत होतं.

मग पनवेलच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या वेळी सगळं ठीक निघालं. दुसऱ्या वेळी खालच्या ओठावर एक पांढरट चट्टा सापडला, त्याचा तुकडा घेतला, उत्तर येईपर्यंत घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. त्यात काही निघालं नाही. पण पुन्हा भिंग, पुन्हा गार फवारा, पुन्हा ते बाकडं. कमळाकर किमयाला म्हणाला, "कान गेला तवा वाटला, सुटलो. हा सुटायचा नाय." ती म्हणाली, "नाय सुटायचा, बाबा." खोटं तिनं काही सांगितलं नाही, ते त्याला बरं वाटलं.

त्यानं रुंद कडेची टोपी घेतली, क्रिकेटवाले घालतात तसली. लांब बाह्यांचा शर्ट होताच. सकाळी गिरणीवर जायच्या आधी इंदुबाई त्याच्या मानेला, कानाला, हातांना मलम लावायची. ते चिकट असायचं आणि त्यावर पीठ बसायचं, मग तो दिवसभर कणीक थापल्यासारखा दिसायचा. लावणीला जाणं त्यानं सोडलं. ते त्याला जड गेलं, कारण वर्षातून तेवढेच दिवस तो चारचौघांत वाकून काम करायचा. पण सोडलं.

पुढच्या खेपेला किमयाला जमण्यासारखं नव्हतं, तिला दिवस गेले होते. कमळाकर एकटाच गेला. पाटी वाचता आली नाही तेव्हा जिन्यात एका पोरीला विचारलं, तिनं वर आणून सोडलं. डॉक्टर शिल्पांनी नेहमीसारखा पडदा ओढला आणि नेहमीसारखंच डोक्यापासून तळव्यापर्यंत पाहिलं. सगळं नीट होतं. "आता सहा महिन्यांनी या," त्या म्हणाल्या. तो बरं म्हणाला, शर्ट घातला, टोपी घातली, रबरी पट्टी कानामागून नीट बसवली आणि खाली उतरला.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. ऊन कलतीला लागलं होतं तरी खिडकीतून आत येत होतं, म्हणून तो आतल्या बाजूला बसला आणि टोपी तोंडावर ओढून घेतली. सकाळपासूनचा, खरं तर किती दिवसांपासूनचा शीण अंगात होता. पेण कधी आलं आणि गेलं ते त्याला कळलंच नाही. जाग आली ती कंडक्टरच्या हाकेनं, "वडखळ, वडखळ!"

तो उतरला. नाक्यावर गाड्यांची धूळ उडत होती, डोलवीच्या बाजूनं कंपनीच्या बसेस ओळीनं येत होत्या. त्यानं फोन चेहऱ्याजवळ धरून घरी लावला.

"मी वडखळला हाय," तो म्हणाला.

"वडखळला? तिथं काय करतावं?"

"झोप लागली. पेन चुकला."

"अगो बाय माजे!" इंदुबाई म्हणाली. मग आवाज उतरवून विचारलं, "डॉक्टरीन काय म्हनाली?"

"काय नाय. सगला नीट हाय म्हनाली."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग या सावकाश," ती म्हणाली. "आधी कायतरी खावा. सकालपासून उपाशी असाल."

तो हॉटेलच्या छपराखाली सावलीला जाऊन बसला आणि त्यानं एक चहा आणि मिसळ सांगितली. पोऱ्यानं पाण्याचा ग्लास आपटून ठेवला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेला. पेणला उलट जाणारी एक गाडी समोरून निघून गेली. कमळाकर उठला नाही. दुसरी येईल.